पाव वळण

बार्रेटो सरांनी फळ्यावर उणे नऊ लिहिलं,
वर मुळाचं छप्पर घातलं
आणि लगेच पुसून टाकलं.
"ह्या घरात कोणी राहत नाही. पुढं चला."
मी पुढं गेलो. दहावीला दोनदा आपटून
रायबंदरच्या धक्क्यावर, फेरीबोटीच्या दोरापर्यंत.

सव्वीस वर्षं दोर टाकतोय, दोर सोडतोय.
काल रात्री जेवताना सुगंधानं
बांगड्याचं तेल लागलेलं बोट वहीवर ठेवलं:
"पप्पा, राहतात त्या घरात.
तीन आय राहतो, आणि उणे तीन आय.
संख्या काल्पनिक म्हणतात, पण राहतात."

मी म्हटलं, तीन त्रिक नऊ.
उणे तीनला उणे तीननं गुण, तरी नऊच.
पाठ फिरव, पुन्हा पाठ फिरव: तोंड होतं तिथंच.
चारदा फिरव, सहादा फिरव, तेच.
उणे सत्तावीसचं घनमूळ मला पटतं,
तीनदा पाठ फिरवून माणूस पाठमोराच उरतो.
पण सम वेळा फिरून पाठमोरा?

"सबंध पाठ कशाला फिरवायची?" ती म्हणाली.
"निम्मंच वळा."
आणि उरलेला भात घेतला.

सकाळी सहाची पहिली फेरी.
मांडवी ही माझी संख्यारेषा.
जुन्या गोव्याकडं अधिक,
पणजीचे पूल, त्यापुढं समुद्र: उणे.
खनिजाच्या बार्जी जन्मभर ह्याच रेषेवर,
भरलेल्या उणे जातात, रिकाम्या अधिक येतात.
त्यांना विचारा, शपथेवर सांगतील
चोडण नावाचं काही नसतंच.

आणि आम्ही दिवसभर आडवे.
नदीच्या एकाही आकड्यात न बसणारे
सायकलवरचा पावाचा हारा, दोन स्कूटर,
मासळीची पाटी, कडेवरचं पोर.
काल्पनिक म्हणावं, तर बोट खाली दबते.

डेकच्या मधोमध उभा राहिलो.
तोंड जुन्या गोव्याकडं.
डावीकडं पाव वळण: चोडण, खारफुटी, एक बगळा.
अजून तेवढंच: समुद्र.
एकाच मापाची दोन वळणं, झालं उणे एक.
वरून कायतान तांडेल ओरडला,
"कितें रे, घुंवळ आयली?"
मी उजवीकडूनही करून पाहिलं.
आधी रायबंदर, मग समुद्र. तेही बरोबर.
दोन मुळं, समोरासमोरच्या काठांवर.
कुठल्याला उणे म्हणायचं
ते घर कुठल्या काठाला, त्यावर.

ओहोटी लागली की कायतान चोडणचा नेम धरत नाही.
नाक तिरकं, वरच्या अंगाला,
थोडं नदीच्या बाजूचं, थोडं आमच्या.
दोन्ही आकडे आपापले वेगळे, बोट एकच.
पुस्तकात हिला संमिश्र म्हणतात.
आणि नेमकं पंचेचाळीस अंशांत धरलेलं हे नाक
चारदा तेवढंच वळवलं तर थेट समुद्र.
उणे एकाचं चौथं मूळ कायतानच्या मनगटात आहे.
त्याला सांगितलं असतं,
पण तो चहा पीत होता.

सुगंधाच्या वहीत एक लाल रेघ पाहिली होती.
उणे चार, उणे नऊ, दोघांची मुळं गुणून
तिनं सहा लिहिलं होतं.
दोघांना एकाच छपराखाली कोंबलं की असं होतं.
आधी एकेकट्याला बाहेर काढायचं:
दोन आय, तीन आय.
दोघंही एकेक वळण घेऊन आलेले,
भेटले की वळणं दोन.
उणे सहा.
संध्याकाळी सांगेन तिला. तिला कळलंही असेल.

दोर फेकला, खुंट्यात बसला, फळी खाली केली.
तेव्हा आठवलं:
बार्रेटो सर चोडणचे.
रोज साडेपाचला, हातावर खडू तसाच,
ह्याच रेलिंगला टेकून उभे असायचे
आणि आडवे घरी जायचे.